वहीत काय आणलं, देऊन काय आलो?

परवा भाचीचा फोन आला. कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. "मावशी, वारली चित्रांच्या अभ्यासाला डहाणूला चाललोय. प्रश्नावली तयार आहे, दोन दिवसांत उरकेल." आधी हसू आलं, मग ओशाळायला झालं. कारण पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही अशीच गेले होते. खांद्याला कॅमेरा, हातात वही, आणि डोक्यात 'यांची कला जगापुढे आणायची' वगैरे!

तिथल्या एका आजींना मी पहिलाच प्रश्न टाकला, "या त्रिकोणाचा अर्थ काय?" आजी तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "आधी बस तरी." बसले, पण लक्ष घड्याळाकडे. निघताना "फोटो पाठवते हं" म्हणाले. पाठवले नाहीत. मला गुण मात्र छान मिळाले.

आता वाटतं, प्रश्नच अर्धवट होता. लग्नाचा चौक ही टांगायची चित्रं नव्हेत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो लिहितात, मधे पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते. हे सगळं सोडून नुसत्या त्रिकोणाचा अर्थ कोण काय सांगणार?

दुसरं म्हणजे, पाहायला जाणारा नुसता पाहून परत येत नाही. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी तिथे कागद आणि रंग घेऊन गेले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले, त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. बायकांनी भिंतीवर लिहायची गोष्ट पुरुषांच्या हातीही आली, आणि पुढे कप, साड्या, पडद्यांवर पोचली. हे वाईट झालं असं मी म्हणत नाही, कितीतरी घरं त्यावर चालतात. पण एका माणसाच्या जाण्याने एवढं बदलत असेल, तर आपणही जरा जपून जायला हवं ना?

"हे ठीक आहे गं, पण सेमिस्टर केवढं असतं!" भाची म्हणाली. तेही खरंच. मग दहा घरांऐवजी एकच घर कर, पण दोनदा जा. दुसऱ्यांदा जाशील तेव्हा लिहिलेलं त्यांना वाचून दाखव. चुका तेच काढतील, आणि माझ्या मते अभ्यासाची खरी तपासणी तीच. फोटो विचारून काढ. चित्राखाली काढणारीचं नाव घाल. तिचा दिवस मोडला तर त्याचे पैसे दे. आणि अशा दुसऱ्या फेरीला महाविद्यालयांनीही गुण ठेवावेत, म्हणजे मुलं जातील.

असो. उपदेश करून झाल्यावर कपाटातली जुनी फिल्म शोधून काढली आणि प्रिंट करायला टाकली. पाकीट भाचीबरोबर पाठवतेय. आजी असतील-नसतील, घरातलं कुणीतरी असेलच.

तुमच्याही कपाटात अशी काही उधारी पडून आहे का?