दहाव्या दिवसाचे ताट

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी महामार्गांच्या कामांची पायाभरणी करायला उज्जैनला आले होते. साडेपाच हजार कोटींहून अधिक खर्चाची ती कामे होती. तरीही उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांची मतदारसंघासाठी निधीची मागणी थांबलेली नव्हती. गडकरींनी भर सभेत त्यांना अट घातली : वजन कमी करा, जितके किलो उतरवाल तितके हजार कोटी देतो. आपलेही वजन एकेकाळी १३५ किलो होते आणि ते आपण ९३ किलोंवर आणले, हेही त्यांनी सांगून टाकले. फिरोजिया तेव्हा १२७ किलोंचे होते. जूनपर्यंत त्यांनी १५ किलो उतरवले आणि ऑक्टोबरपर्यंत हा आकडा ३२ किलोंवर गेला. गडकरींची भेट घेतल्यानंतर २,३०० कोटींच्या कामांना मंजुरी मिळाल्याचे त्यांनी जाहीर केले. या बातमीची देशभर चर्चा झाली ती हजार कोटींमुळे. त्या आठ महिन्यांत खासदारांच्या ताटात काय होते, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

त्यांनी तेव्हा सांगितलेला दिनक्रम अगदी साधा होता. पहाटे साडेपाचला उठून चालणे, मग धावणे, व्यायाम आणि योगासने. सकाळी हलका नाश्ता. दुपारी आणि रात्री कोशिंबीर, एक वाटी हिरवी भाजी आणि मिश्र धान्यांच्या पिठाची एकच पोळी. अधूनमधून गाजराचे सूप आणि थोडा सुकामेवा. यातली एकही गोष्ट उज्जैनच्या बाजारात महाग किंवा दुर्मीळ नाही. आठ महिन्यांत ३२ किलो म्हणजे महिन्याला ४ किलो, आठवड्याला साधारण एक किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही सावकाश आणि सुरक्षित गती मानली जाते, तिच्या वरच्या टोकाला हा वेग बसतो. माझे म्हणणे असे की हजार कोटींच्या शब्दाने फिरोजियांना उंबऱ्याबाहेर काढले, पण वजन उतरवले ते रोज तसेच वाढल्या गेलेल्या त्या ताटाने. आपण सगळे प्रेरणा शोधण्यात वर्षे घालवतो. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपल्याला पाठ असते, पण दहाव्या दिवशी काय खायचे हे आपण ठरवलेलेच नसते.

पैशाचे आमिष वजनावर किती काळ चालते, हे तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केविन वोल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७ जण होते आणि त्यांना १६ आठवड्यांची मुदत होती. काहींना उद्दिष्ट गाठल्यास सोडतीतून पैसे मिळणार होते. काहींनी स्वतःचे पैसे पणाला लावले होते. वजन उतरले तर ते भरीसह परत, नाही तर बुडाले. तिसऱ्या गटाला कसलेच आमिष नव्हते. पैसे गुंतलेल्या दोन्ही गटांनी सरासरी सहा किलोंच्या आसपास वजन उतरवले, तिसऱ्याने दोन किलोंहूनही कमी. म्हणजे आमिष चालते, हे मान्य करायला हवे. पण सुरुवातीपासून सात महिन्यांनी पुन्हा वजने घेतली, तेव्हा बरेच वजन परत आले होते आणि गटागटांत ठामपणे सांगता येईल असा फरक उरला नव्हता. बक्षीस संपले तशी ओढही ओसरली. लग्नाची तारीख, डॉक्टरांनी भरलेला दम, मित्राशी लावलेली पैज ही सगळी याच जातीची आमिषे आहेत. ती सुरुवात करून देतात. पुढची वाट त्यांच्या जिवावर चालता येत नाही.

मग पुढे टिकते काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एकच लहानशी कृती रोज ठरल्या वेळी करायला सांगितली. जेवणासोबत फळ खाणे किंवा रात्रीच्या जेवणाआधी धावणे, अशा स्वरूपाची. ती कृती विचार न करता आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. एका दिवशी पेढा खाल्ला म्हणून ‘आता काय उरले’ असे म्हणत आठवडाभर सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या हजारो लोकांची माहिती तीत आहे. बहुतेक जण रोज न्याहारी करतात, आठवड्यातून एकदा तरी वजनकाट्यावर उभे राहतात, दिवसाकाठी सुमारे तासभर अंग हलवतात आणि सुटीच्या दिवशीही खाण्याची शिस्त फारशी बदलत नाहीत. अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण टिकवणाऱ्यांच्या आयुष्यात उत्साहाचे भरते येत नाही, रोजचा क्रम असतो, एवढे तरी त्यातून स्पष्ट होते.

इथे मराठी वाचक विचारील, कोणता क्रम? महाराष्ट्रात गेली काही वर्षे हा वाद घरोघरी चालला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. या विचाराचा उगम नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांकडे जातो. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा आणि आजीच्या स्वयंपाकघरातले अन्न सोडू नका. दोन्हीकडे अनुयायी आहेत आणि दोन्हीकडे वजन उतरलेली माणसे आहेत. मला या वादापेक्षा दोघांतले साम्य महत्त्वाचे वाटते. दोघेही खाण्याला वेळेचे कुंपण घालतात, दोघांच्या मांडणीत येता-जाता तोंडात टाकण्याला जागा नाही आणि पाकिटातल्या खाऊला दोघेही थारा देत नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेत ६०९ जणांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात कमी स्निग्ध आणि कमी कर्बोदकांचा आहार यांची तुलना झाली. एका गटाचे सरासरी ५.३ किलो कमी झाले, दुसऱ्याचे ६ किलो. हा फरक निर्णायक नव्हता. साखर आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा, हा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता. पद्धत निवडताना म्हणूनच एकच प्रश्न विचारावा : ही मला आणि माझ्या घराला पाच वर्षे पाळता येईल का?

उज्जैनपुरते बोलायचे तर इथली सकाळ पोहे-जिलबीने होते. वाफेवर ठेवलेले पोहे, वर मूठभर शेव, जिरावण मसाला, चिरलेला कांदा आणि बाजूला गरम जिलबी. शिंद्यांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांतही आता पोह्यांवर खोबऱ्यासोबत शेव आली आहे. रविवारी डाळ-बाफले असतात आणि वाढणारा तुपात बुडवलेला बाफला हातानेच कुस्करून देतो. ही खाद्यसंस्कृती सोडा, असे मी कुणाला सांगणार नाही. जी पद्धत माणसाला आपल्याच गावात परका करते, ती तो सोडणार हे ठरलेले आहे. पण या ताटातला सण कोणता आणि रोजचा दिवस कोणता, हे वेगळे काढता येते. पोहे राहू द्यावेत, त्यांत मटार आणि शेंगदाणे वाढवावेत, शेव मुठीऐवजी चिमटीने घ्यावी आणि जिलबी रविवारची करावी. बाफले महिन्यातून एकदा मनापासून खावेत. उपासाचेही तसेच. श्रावणात महाकालाची सवारी निघते तेव्हा शहरभर साबुदाण्याची खिचडी तुपात परतली जाते आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण खरी ठरते. उपासाला फळे, ताक आणि राजगिरा चालतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतेच.

तेलाचा हिशेब तर घरच्या घरी मांडता येतो. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागते असे धरू. माणशी एक लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम, आणि तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ उष्मांक असतात. पंतप्रधानांनी २०२५ च्या सुरुवातीला तेल दहा टक्के कमी करण्याचे आवाहन केले होते. तेवढेच केले तरी माणशी महिन्याला ८२०, वर्षाला जवळपास १०,००० उष्मांक वाचतात. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात, म्हणजे कागदावर हे वर्षाला सव्वा किलो होते. शरीर इतके सरळ गणित चालवत नाही, ते खर्चही आवळते. प्रत्यक्षातला आकडा लहान असेल. पण यात कुणी उपाशी राहिलेले नाही आणि कुणाला प्रेरणेची वाट पाहावी लागलेली नाही. बाटली आणताना एकदा निर्णय घेतला आणि तो महिनाभर पाळला गेला.

यावर पहिला आक्षेप येतो तो परिस्थितीचा. खासदारांना सल्लागार असतात, पहाट मोकळी असते, स्वयंपाकाला माणसे असतात. दुकानात बारा तास उभ्या असलेल्या माणसाने काय करावे? हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावू नये. म्हणूनच वजनाचा सगळा भार एका माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. घरात एकाचे ताट वेगळे आणि इतरांचे वेगळे, असे फार दिवस चालत नाही. आणि ते वेगळे ताट रांधण्याचे काम बहुधा घरातल्या बाईवरच पडते, तेही तिचे स्वतःचे चालणे आणि जेवण मागे सारून. बदल व्हायचा तर तो घराच्या पातेल्यात व्हायला हवा आणि कष्टही वाटले जायला हवेत. शहराचीही यात जबाबदारी आहे. ७ जानेवारी २०२४ रोजी महाकाल लोकजवळच्या नीलकंठ वनात ‘प्रसादम्’ हा १९ दुकानांचा, आरोग्यदायी आणि स्वच्छ खाण्याचा रस्ता सुरू झाला. देशातला असा पहिलाच म्हणून त्याचे उद्घाटन झाले. मंदिराजवळ जे जमले, ते शाळांच्या आणि बसस्थानकाच्या जवळही व्हायला हवे.

दुसरा आक्षेप असा की माणूस लाजल्याशिवाय सुधारत नाही. गडकरींनीही भर सभेतच वजन काढले ना? लाजेबद्दलचा पुरावा उलट सांगतो. इंग्लंडमध्ये २,९४४ प्रौढांची चार वर्षे पाहणी झाली. वजनावरून भेदभाव सोसावा लागल्याचे ज्यांनी सांगितले, त्यांचे वजन सरासरी जवळपास एक किलोने वाढले. ज्यांना तसा अनुभव नव्हता, त्यांचे थोडे उतरले. टोमणा माणसाला मैदानावर नेत नाही, घरात कोंडतो. उज्जैनच्या सभेत वेगळे घडले, कारण बोलणाऱ्याने आधी स्वतःचे १३५ किलो सांगितले होते आणि समोर ठेवलेले ध्येय गावासाठीच्या कामांचे होते. आपल्या पोटासाठी जे जमत नाही, ते दुसऱ्या कुणासाठी जमून जाते. नातवंडामागे धावता यावे, आईला जिन्यावरून धरून नेता यावे, ही कारणे हजार कोटींइतकीच मोठी आहेत.

तिसरा आक्षेप शरीराचा. थायरॉइड, काही औषधे, आनुवंशिकता यांमुळे अनेकांचे वजन प्रयत्न करूनही हलत नाही. अशांनी डॉक्टरांकडे जावे, त्यात कमीपणा नाही. वजन घटवणारी नवी इंजेक्शनेही आता भारतात आली आहेत आणि ती गुणकारी आहेत. पण त्यांतले सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसले आहे; दहाव्या दिवसाचा प्रश्न औषधालाही चुकत नाही. आणि काट्यावरचा आकडा हलला नाही म्हणून निराश होणाऱ्यांसाठी चेन्नईचा एक अभ्यास मोलाचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर तीन वर्षे काम केले आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांनी गोड, मैदा आणि स्निग्ध पदार्थ कमी केले आणि रोज अर्धा तास चालणे ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्यांचे वजन मात्र फारसे उतरलेच नव्हते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातल्या ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाभोवती चरबी साठलेली आहे. त्यांतल्या प्रत्येकाला ३२ किलो उतरवायचे नाहीत. बहुतेकांना एवढेच ताट आणि एवढेच चालणे हवे आहे.

तेव्हा येत्या सोमवारपासून काय सोडायचे, याची लांबलचक यादी करू नका. एकच सवय निवडा, जी घरातल्या सगळ्यांना जमेल : चहातली साखर निम्मी, रात्रीचे जेवण आठच्या आत, भाताआधी वाटीभर कोशिंबीर किंवा जेवणानंतर अर्धा तास चालणे. ती ६६ दिवस पाळा, मग दुसरी धरा. मधला एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या सकाळी तिथूनच पुढे चला.