विश्लेषण : उसाच्या डबल ट्रॉलीत सर्वाधिक ताण पुढच्या जोडावरच का?

गळीत हंगाम सुरू झाला की राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा परिसरातील रस्त्यांवर आणि नगर-मनमाड महामार्गावर उसाने भरलेल्या डबल ट्रॉल्या दिसू लागतात. ट्रॉली किती उंच भरली, मागे रिफ्लेक्टर आहे का, यावर चर्चा होते. ट्रॉल्या जोडणाऱ्या हुक-पिनेबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही.

दोन टोकांना वेगवेगळी ओढ कशी?
पोलादी दांडा दोन्ही टोकांनी सारख्याच बलाने ओढला, तर तो जागेवर राहतो आणि सगळीकडे ताण सारखा असतो. पुढच्या ट्रॉलीचे तसे नाही. समजा, भरलेली प्रत्येक ट्रॉली १० टनांची आहे आणि ट्रॅक्टरचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद वाढतो आहे. चाकांचे घर्षण बाजूला ठेवले, तर मागची ट्रॉली ओढायला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो वजनाइतके बल लागते. ट्रॅक्टरजवळच्या जोडावर दोन्ही ट्रॉल्यांचा भार येतो, म्हणून तिथे १० किलोन्यूटन. पुढच्या ट्रॉलीची चॅसी अशी पुढून १० ने आणि मागून ५ ने ओढली जाते.

चॅसी किती ताणली जाते?
माल सारखा पसरलेला असेल, तर ताण पुढून मागे एकसारखा घटत जातो. त्यामुळे एकूण लांबी किती वाढणार, हे दोन्ही बलांच्या सरासरीवर, म्हणजे ७.५ किलोन्यूटनवर ठरते. ताण आणि लांबीतील वाढ यांचा हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. ट्रॉलीच्या हुकाशी या नावाचा संबंध नाही! चॅसीतील पोलाद ५ मीटर लांब आणि २० चौरस सेंटीमीटर छेदाचे धरले, तर वाढ जेमतेम ०.०९ मिलिमीटर.

मग धोका कुठे?
सरासरी इथेच फसवते. लांबी सरासरीवर वाढते, पण जोड तुटतो तो कमाल ताणाने, कमकुवत जागी. कमाल ताण पुढच्या जोडावर असतो. भार एकदम आला, तर तोच भार हळूहळू दिल्यापेक्षा ताण दुपटीपर्यंत जातो. पिन झिजून जोड ढिला झाला असेल, तर हिसका त्याहूनही मोठा. खड्डे आणि गतिरोधकांवर असे हिसके वारंवार बसले की धातू थकतो, बारीक तडा जातो आणि एक दिवस नेहमीच्याच भाराला पिन तुटते.

काय करायला हवे?
वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचे वजन नोंदवले जाते. तशीच जोडाचीही तपासणी व्हायला हवी. पुढची पिन दुप्पट भाराचा हिशेब धरून निवडावी. तिथून काढलेली झिजकी पिन ‘मागे चालेल’ म्हणून वापरू नये. दोन्ही जोडांना सुरक्षा साखळी असावी. हंगामात वेळ कुठे असतो, असे वाहतूकदार म्हणतील. पण कारखान्यावर रिकामी झालेली ट्रॉली परत निघण्यापूर्वी पिन काढून पाहायला काही मिनिटेच लागतात. जोड सुटला, तर त्याची किंमत मागून येणारा दुचाकीस्वार मोजतो, आणि त्याला त्या पिनेची कल्पनाही नसते.