त्रेचाळीस टॅब आणि एक डायनासोर

दोस्तांनो, आईबाबांच्या मोबाइलवर ब्राउझर उघडा आणि त्यात किती टॅब उघडे पडलेत ते मोजा बघू. दहा? तीस? एका मोबाइल ब्राउझरमध्ये तर गंमतच आहे. टॅबचा आकडा ९९ च्या पुढे गेला की तो मोजणंच सोडून देतो आणि आकड्याच्या जागी हसरा चेहरा काढतो! आमच्या घरातल्या एका मोबाइलवर तो चेहरा गेलं वर्षभर हसतो आहे. कोणाचा मोबाइल, ते विचारू नका.

पण आजची गोष्ट माझ्या भाचीची आहे. ती नववीत शिकते आणि गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावात राहते. गावात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर मोबाइलवर दोन काड्या दिसतात, त्याही नशीब असेल तर. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला होता : 'आपल्या भागातले डायनासोर'.

काय, खोटं वाटतं? अरे, सिरोंचा तालुक्यात प्राणहिता नदीकाठी कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या ज्युरासिक काळातल्या खडकांना जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ त्या गावाच्याच नावाने ओळखतात. नदीपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या पोचमपल्लीजवळ याच खडकांत एका अवाढव्य डायनासोरची हाडं सापडली. त्याचं नाव बारापासॉरस टागोराय. बंगालीत 'पा' म्हणजे पाय, म्हणून हा मोठ्या पायाचा डायनासोर. आणि १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष, म्हणून टागोराय! त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला काय सापडलं, तर डायनासोरचं दगड झालेलं शेण. नाक मुरडू नका! त्या शेणात गवताचे सूक्ष्म अवशेष होते. डायनासोरच्या काळात गवत उगवत होतं, हे २००५ साली जगाला त्यावरूनच कळलं.

तर असा झकास विषय. आता माहिती आणायची कुठून? बाजाराच्या दिवशी भाचीचे बाबा अहेरीला निघाले, तशी तीही शाळेचा लॅपटॉप दप्तरात घालून निघाली. अहेरीला तिच्या आत्याकडे नेट चांगलं चालतं. हातात वेळ दोन तास. तिने काय केलं, तर वाचत बसलीच नाही. एक पान उघडलं, त्यातल्या दुव्यावरून दुसरं, त्यावरून तिसरं, अशी दोन तासांत त्रेचाळीस पानं उघडली, त्रेचाळीस टॅबमध्ये. मग लॅपटॉप बंद न करता नुसता मिटला आणि बसमध्ये बसली. घरी जाऊन निवांत वाचू!

यात तिचं काय चुकलं? मला विचाराल तर काहीच नाही. मोहफुलं पडतात ती वर्षातून थोडेच दिवस. तेवढ्या दिवसांत पहाटे उठून वेचायची, वाळवायची आणि पुढे वर्षभर वापरायची, हे आपल्याकडच्या घराघरांतून चालत आलेलं शहाणपण. जे कधीमधी मिळतं ते मिळेल तेव्हा साठवून ठेवायचं. पोरीने नेटचं तेच केलं.

रात्री जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला. वरच्या पट्टीवर त्रेचाळीस टॅब ओळीने उभे. नावं मात्र एकाचंही वाचता येईना. एवढे टॅब एका ओळीत कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला नखाएवढी जागा येते. विकिपीडियाच्या नऊ पानांवर तेच चिन्ह नऊ वेळा. पिसदुरा कुठलं नि कोटा कुठलं? मग एकेक दाबून बघणं आलं. पहिला टॅब दाबला. पान गोल गोल फिरलं आणि पडद्यावर आला एक छोटा काळा डायनासोर! खाली लिहिलेलं, इंटरनेट नाही. दुसरा दाबला, तोच डायनासोर. तिसरा, चौथा, पाचवा... (या ब्राउझरवाल्यांनी २०१४ पासून नेट नसलं की दाखवायला हा डायनासोर ठेवलाय. नेट नाही म्हणजे अश्मयुगाच्याही मागे गेलात, असा त्यांचा विनोद. एरवी मलाही आवडतो.) त्रेचाळीसांपैकी शेवटी उघडलेली सातच पानं शाबूत होती. प्रदर्शनाला उरले होते बारा दिवस.

दुसऱ्या दिवशी मोहाखालून तिचा फोन आला. "मामा, मले नाही जमत हे कम्प्युटर. मीच कायतरी दाबलं वाटते."

मला ते फार लागलं. तिने काहीच दाबलं नव्हतं. फोन तीनदा तुटला, पण तुकड्यातुकड्यांनी मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

उघडलेलं प्रत्येक पान कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा अडवून बसतं. शाळेच्या लॅपटॉपला मेमरी चार जीबी. चाळीस-पन्नास पानं झाली की ती पुरत नाही. मग आजकालचे बहुतेक ब्राउझर एक युक्ती करतात. बराच वेळ हात न लावलेल्या टॅबला 'झोपवतात', म्हणजे आतलं पान फेकून देतात आणि वरचं नाव नि चिन्ह तेवढं ठेवतात. तुम्ही दाबलंत की पान नेटवरून पुन्हा आणतात. शहरात, चोवीस तास नेट असलेल्या घरात, हे घडल्याचं कळतही नाही. पण जिथे नेट नाही तिथे? बरणीवर चिठ्ठी 'लोणचं', आणि आत खडखडाट! काही ब्राउझर आता झोपलेल्या टॅबचं चिन्ह फिकट करतात, पण ते कशामुळे फिकट झालं हे नववीतल्या मुलीने ओळखायचं कसं?

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. टॅब लोकांना आवडले ते कशामुळे, माहीत आहे? नेट हळू होतं म्हणून! आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून. टेलिफोनच्या तारेवरून यायचं ते. एक पान उघडायला घातलं की चहा करून यावं! पुढे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजताना आम्ही एक हुशारी शिकलो. एक पान वाचत असतानाच पुढची चार उघडायला घालायची. पण तेव्हा प्रत्येक पानाला वेगळी खिडकी उघडायची आणि पडद्याच्या खालच्या पट्टीत खिडक्यांची ही गर्दी व्हायची. १९९४ सालीच 'इंटरनेटवर्क्स' नावाच्या ब्राउझरने टॅब आणले होते, पण त्याचा फार बोलबाला झाला नाही. २००१ मध्ये मोझिलाने आणले, २००६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या सातव्या आवृत्तीत आले आणि सगळ्यांच्या सवयीचे झाले. एका खिडकीत दहा पानं! मागे हळूहळू उघडत राहू देत, आपण पुढचं वाचू. हळू नेटवाल्यांची केवढी सोय झाली ती. आणि आज तीच सोय हळू नेटवाल्यांच्याच हातातून निसटते आहे, कारण खिडकीचा आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर नेट कधी जातच नाही.

तो त्रासदायक × राहिलाच की! टॅब जितका अरुंद, तितकं त्याचं नाव आणि बंद करायचा × एकमेकांना चिकटलेले. वाचायला म्हणून दाबावं आणि बंद व्हावं. असं झालं तर घाबरू नका. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि शिफ्ट धरून टी दाबा, नुकताच बंद केलेला टॅब परत येतो. (नेट असेल तर, हे आता तुम्हाला सांगायला नको.)

मग भाचीने करायचं काय? टॅबवर विसंबायचं नाही, पान खरोखर उतरवून घ्यायचं. कंट्रोल धरून एस दाबलं की पान कॉम्प्युटरमध्ये साठवलं जातं. मोबाइलवरच्या बऱ्याच ब्राउझरमध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूत डाउनलोडचा बाण असतो. साठवताना नाव आपलं आपण मराठीत द्यायचं : 'पिसदुरा शेण', 'कोटा खडक'. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघण्याआधी वाय-फाय बंद करून प्रत्येक पान एकदा उघडून बघायचं. कधी चित्रं येत नाहीत, कधी अर्धंच पान येतं. ते अहेरीतच कळलेलं बरं, घरी पोचल्यावर नको.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा गेली. या वेळी उघडली फक्त चौदा पानं. वाय-फाय बंद करून तपासली तेव्हा तीन नीट उघडली नाहीत, त्यातलं हवं ते तिने तिथेच वहीत उतरवून घेतलं. उरलेली अकरा घरी आली, चित्रांसकट. प्रदर्शनात तिने पुठ्ठ्याचा बारापासॉरस उभा केला होता. शेजारी शेणाचे तीन गोळेही ठेवले होते, मातीचे. त्यांच्याभोवतीच गर्दी जास्त होती म्हणे.

फोनवर तिने मला एक प्रश्न विचारला : "मामा, पान फेकून देते तर चिठ्ठी कायले ठेवते?" मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, तूच विचार ब्राउझरवाल्यांना, त्यांच्या मेनूत सूचना लिहायची जागा असते. तिने मराठीत चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. मोहाखाली दोन काड्या आल्या की पाठवणार आहे.

तुमच्याकडचे टॅब मोजून झाले असतील तर आकडा पत्राने कळवा. हसरा चेहरा निघाला तरी कळवा!