धावून आलेल्या मुलाला बसू द्या

४०० मीटरची शर्यत संपली की मुलं रेषेपलीकडे कंबरेत वाकतात, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतात, एखादं थेट गवतावर आडवं होतं. तेवढ्यात प्रशिक्षकांची आरोळी येते, ‘बसायचं नाही! दोन राउंड हळू मार. लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं तर उद्या पाय उचलणार नाहीत.’ शालेय स्पर्धांच्या मोसमात अशी आज्ञा मैदानोमैदानी ऐकू येते. ती देणाऱ्याच्या मनात मुलाचं भलंच असतं. पण तिच्यामागचं कारण चुकीचं आहे, आणि ती सरसकट लागू केली तर मुलांचं नुकसानच होतं.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा. जोरकस व्यायामानंतर संथ जॉगिंग केलं, हलकी सायकल मारली किंवा सावकाश पोहलं, तर रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिड शरीरात याच रूपात असतं) स्वस्थ बसण्यापेक्षा लवकर उतरतं. हे अनेकदा मोजून झालं आहे आणि ते खरं आहे. वाद आहे तो त्यावर रचलेल्या दोन समजुतींचा. लॅक्टेट म्हणजे स्नायूंतला कचरा ही एक, आणि दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं त्याच्यामुळे येतं ही दुसरी.

हिल आणि मायरहोफ यांना स्नायूंवरच्या संशोधनासाठी १९२२ चं नोबेल मिळालं, त्या काळापासून थकव्याचं खापर लॅक्टिक अ‍ॅसिडवर फुटत आलं. १९८० च्या दशकात बर्कलीचे जॉर्ज ब्रूक्स यांनी हे चित्र उलटं केलं. एका पेशीत तयार झालेलं लॅक्टेट दुसरी पेशी इंधन म्हणून वापरते, हृदयाचा स्नायूही ते जाळतो. शिवाय खेळाडू नुसता बसून राहिला तरी तासाभरात त्याचं लॅक्टेट जवळपास मूळ पातळीवर येतं. दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं. १९८३ च्या एका प्रयोगात सपाटीवर धावलेल्यांचं लॅक्टेट वाढलं, पण त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावर धावलेल्यांचं लॅक्टेट वाढलं नाही, तरी पाय दुखले. सिंहगड चढून उतरलेल्या कुणालाही हे प्रयोगाशिवाय पटेल: धाप चढताना लागते, मांड्या दुखतात त्या उतरण्यामुळे. ताण घेत लांबणाऱ्या स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना दुखतं. दोन राउंड हळू मारल्यानं ती इजा भरून येत नाही.

मग त्या दोन राउंडांनी साधतं काय? व्हॅन होरेन आणि पीक या संशोधकांनी २०१८ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले. दुसऱ्या दिवशीची कामगिरी, दुखणं, दुखापतींपासून बचाव, या कशातच त्यांना ठोस फायदा दिसला नाही. ज्यांना त्यानं बरं वाटतं त्यांनी जरूर करावं. सक्तीला मात्र आधार उरत नाही.

दोन प्रयत्नांमधलं अंतर सेकंदांत मोजण्याइतकं असेल तर चालत राहणं उलट महागात पडतं. द्युपाँ या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रौढ खेळाडूंकडून १५ सेकंद जोरकस व्यायाम, १५ सेकंद विश्रांती असा क्रम दमेपर्यंत करवून घेतला. विश्रांतीत हालचाल करत राहिलेल्यांपेक्षा स्वस्थ राहिलेले जास्त वेळ टिकले. स्नायूला त्या काही सेकंदांत ऑक्सिजन आणि फॉस्फोक्रिएटिन या झटपट इंधनाचा साठा परत भरायचा असतो, आणि हलणारा पाय तोच ऑक्सिजन खर्च करत राहतो. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची. चढाई करून परतलेला पोरगा पुढचा खेळाडू चढाईला असताना पाय मोकळे करत नाचत राहिला, तर तो स्वतःचाच साठा संपवतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. वयात न आलेल्या मुलांच्या शरीरात लॅक्टेट मुळात कमी तयार होतं. फ्रान्समध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांची तुलना प्रौढांशी करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलांच्या हृदयाचे ठोके सरावलेल्या दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंपेक्षाही लवकर खाली आले. पाचवीतल्या मुलावर मोठ्यांचा नियम लादण्यात काहीच अर्थ नाही.

सक्रिय विश्रांती, म्हणजे हलकी हालचाल करत घेतलेली विश्रांती, मोडीत काढावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. शर्यत संपताच एकदम थांबून उभं राहिलं तर रक्त पायांत साचतं आणि घेरी येऊ शकते, म्हणून पहिली काही मिनिटं चालायलाच हवं. प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी यांत अर्धा तास असेल तर पाचदहा मिनिटं संथ धावणं किंवा पोहणं उपयोगाचं ठरतं. जलतरणाच्या मोठ्या स्पर्धांना शेजारी वेगळा तलाव असतो तो यासाठीही. नियम घड्याळ बघून लावायचा: पुढची चढाई मिनिटभरात असेल तर स्वस्थ उभं राहा, पुढची फेरी अर्ध्या तासात असेल तर हलकं चाला, धावा आणि मग बसा, सामना उद्या असेल तर जेवा आणि झोपा.

झोपेचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्याच्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. लॉस एंजेलिसमधल्या शालेय खेळाडूंच्या २०१४ च्या अभ्यासात ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट दिसला. आपल्याकडे मुलगी पहाटे साडेपाचला मैदानावर आणि रात्री नऊपर्यंत क्लासला असते, आणि रविवारच्या सुट्टीलाही ‘हलका सराव’ म्हणून बोलावलं जातं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून एक ते दोन दिवस सरावाला पूर्ण सुट्टी द्या म्हणते. वाढीच्या वयात गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा दुखू लागतो, तेव्हा त्याला भार कमी हवा असतो, आणि हलका सराव हाही भारच आहे.

मुलं बसली की आळसावतात, शिस्त मोडते, असं काही प्रशिक्षक म्हणतात. शिस्त लावायला सरावाचे दोन तास हातात आहेत. विश्रांतीची वेळ तिच्यासाठी कापू नये. आणि तालुका, जिल्हा स्पर्धांच्या आयोजकांनी एका दिवसात एकाच मुलाला तीन-तीन सामने खेळवणं थांबवावं. दोन सामन्यांमध्ये पुरेसं अंतर ठेवावं आणि मैदानाच्या कडेला सावली, पाणी, केळी आणि बसायला एक सतरंजी ठेवावी.