चौकडी जमली, पण मोजली का?

कट्ट्यावर चौकडी जमली की गप्पांना वेगळाच रंग चढतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंही तसंच आहे. दोन अल्फा, दोन बीटा अशा चार साखळ्या एकत्र येतात. एकीने ऑक्सिजन पकडला की बाकीच्यांना तो पकडणं सोपं जातं.

पण त्या चारच आहेत, हे कळलं कसं? लोहाच्या प्रमाणावरून हिमोग्लोबिनचा रेणुभार किमान १६,७०० च्या आसपास निघत होता. १९२५ मध्ये केंब्रिजच्या गिल्बर्ट अडेर यांनी त्याच्या द्रावणाचा परासरण दाब मोजला. हा दाब कणांच्या संख्येवर ठरतो. कण हिशेबाच्या पाव भरले, म्हणजे प्रत्येक कण चौपट जड! पाठोपाठ स्वीडनमध्ये थिओडोर स्वेडबर्ग यांनी अल्ट्रासेंट्रिफ्यूज गरगर फिरवून तेच उत्तर काढलं. वाटा दोन, आकडा एक. विज्ञानात विश्वास असा कमवावा लागतो.

आज हे कशाला सांगायचं? कारण नको तिथे झालेली एकी घातही करते. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावं बदललेलं असतं. तेवढ्यानेच, ऑक्सिजन सुटला की चौकड्या एकमेकींना चिकटतात, त्यांचे लांब दोरे होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. विदर्भात, नंदुरबारमध्ये ही वेदना कित्येक घरांच्या ओळखीची आहे.

हे चिकटणं तपासताही येतं. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये थोडं रक्त रसायनात मिसळतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सिकल हिमोग्लोबिनचा संशय. मात्र माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. म्हणून एका टेस्टवर थांबू नका.

आईवडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पत्रिकेतले ३६ गुण आपण तासन् तास मोजत बसतो. मग ही एक तपासणी का नको? २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत बाधित आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरवली गेली, तुम्ही त्यात येता का, ते पाहा.

वाहक असणं हा कमीपणा नाही, आणि रिपोर्ट हे स्थळ नाकारायचं निमित्तही नाही. पण दोघांना आकडा माहीत असला, तर पुढचा निर्णय दोघं मिळून, डोळे उघडे ठेवून घेऊ शकतात. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधीच हे मोजून घ्या.