मनगटावरची गाणी आणि कानाचा हिशेब

गाणी वाजवणाऱ्या घड्याळाचे आता कोणाला नवल वाटत नाही. बऱ्याच स्मार्टवॉचमध्ये गाणी साठवता येतात आणि बिनवायरच्या इयरबड्सवर ऐकता येतात. पण 2000 साली कॅसिओने एमपी3 प्लेअर असलेले मनगटी घड्याळ बाजारात आणले, तेव्हा ते खरोखरच अप्रूप होते. मेमरी 32 एमबीची. सीडीच्या जवळपास जाणाऱ्या दर्जाची गाणी भरली, तर जेमतेम अर्धा तास पुरतील एवढी! नंतर तशी घड्याळे अनेकांनी काढली. त्यांतले एक माझ्याकडेही आहे. कंपनी कोणती हे महत्त्वाचे नाही. जाडजूड आहे, त्यावर शर्टाची बाही नीट बसत नाही, आणि मनगटापासून कानापर्यंत वायर असल्यामुळे हात जरा लांब केला की इयरफोन कानातून निसटतो. तरीही मला ते आवडते.

हे घड्याळ पाहून पेशंट हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "डॉक्टर, याच्या किंवा ब्लूटूथच्या लहरींनी काही होत नाही ना?" आणि दुसरा, "एवढ्याशा यंत्राने कानाला काय होणार?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वायरवाल्या घड्याळात ब्लूटूथ नसतेच. इयरबड्समधल्या ब्लूटूथच्या लहरी अतिशय कमी शक्तीच्या असतात. त्या एक्स-रेसारख्या पेशींमधील रेणू तोडणाऱ्या नसतात आणि त्यांच्यामुळे अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. लोक या लहरींची काळजी करत राहतात आणि आवाजाचे बटण मात्र निर्धास्तपणे वर नेतात, हे मला उलटे वाटते. खरी काळजी दुसऱ्या प्रश्नात आहे.

यंत्र केवढे आहे याला कानाच्या दृष्टीने अर्थ नाही. घरातला मोठा स्पीकर आपल्यापासून आठ-दहा फूट लांब असतो. इयरफोन कानाच्या नळीतच बसतो आणि ही नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तेवढ्या बंदिस्त जागेत छोटेसे यंत्रसुद्धा पडद्यापर्यंत भरपूर आवाज पोहोचवू शकते. पुढे आंतरकर्णात, शंखासारख्या भागात, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी असतात. प्रत्येक कानात साधारण पंधरा-सोळा हजार. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात आणि मग मरतात. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात. माणसात उगवत नाहीत, त्यामुळे जन्माला येताना मिळाल्या तेवढ्यावरच आयुष्य काढायचे असते.

इथे घड्याळ खरे उपयोगी पडते, कारण कानाचे नुकसान आवाज किती मोठा आणि तो किती वेळ ऐकला, या दोन्हींवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत चालतो. दर 3 डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याला सुमारे 4 तास आणि 100 डेसिबलला फक्त 20 मिनिटे. संपूर्ण आठवड्यात 20 मिनिटे! म्हणजे त्या 32 एमबीच्या घड्याळातली सगळी गाणी 100 डेसिबलला एकदाच ऐकली, तरी आठवड्याचा वाटा संपून वर उधारी होईल. मुलांसाठी मर्यादा आणखी कमी, 75 डेसिबल धरतात.

आणि हा वाटा फक्त इयरफोनचा नाही. गणपतीत ढोल-ताशा पथकाशेजारी काढलेला तास, लग्नातला डीजे, कारखान्यातले मशीन, सगळे याच खात्यातून वजा होते. जुन्या घड्याळांची मेमरी आणि बॅटरी दोन्ही लवकर संपत, त्यामुळे कानाला आपोआप सुट्टी मिळे. आता गाणी संपतच नाहीत. इयरबड्स कानात ठेवून झोपणारी मुले मी नेहमी पाहतो.

"मला ऐकू येतं, पण समोरचा काय बोलला ते कळत नाही," ही तक्रार पूर्वी साठीच्या पुढचे लोक घेऊन येत. आता पंचविशीतली मुलेही येतात. सोबत कानात बारीक शिट्टीसारखा आवाज. ऑडिओग्राम काढला की बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास आलेख खाली गेलेला दिसतो. या उंच पट्टीत स, श, फ अशी व्यंजने ऐकू येतात. ती हरवली की 'साठ' आणि 'आठ' सारखेच वाटू लागतात. शांत खोलीत निभावते, पण बँकेच्या काउंटरवर किंवा मीटिंगमध्ये पंचाईत होते. या मुलांना मी दोष देत नाही. दुखत नाही, रक्त येत नाही, मग त्यांना कळणार कसे?

म्हणून गाणी ऐकू नका असे मी कोणालाही सांगत नाही. गाण्याच्या सोबतीने रोज चालणारा मधुमेही पेशंट मला इयरफोन टाकून घरी बसणाऱ्यापेक्षा केव्हाही चालेल. फक्त आवाज जास्तीत जास्तच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाचे मोठ्याने बोलणेही ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. रहदारीत गाणे नीट ऐकू यावे म्हणून आपण नकळत आवाज वाढवतो, तिथे गाणे बंदच ठेवलेले बरे. हॉर्नही ऐकू यायला हवा ना! काही स्मार्टवॉच आसपासचा गोंगाट मोजून इशारा देतात. ती सोय असेल तर जरूर सुरू करा, पण कानात घातलेल्या इयरफोनचा आवाज त्यात मोजला जातो असे समजू नका. त्यासाठी अनेक फोनमध्ये वेगळी सेटिंग असते.

गाणी ऐकल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटले किंवा शिट्टी वाजली, तर कानांना पूर्ण विश्रांती द्या. दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर तपासणी करून घ्या. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. त्यावरचे औषध लवकर सुरू केले तरच उपयोगाचे ठरते.