वर्ख आणि बेगड

२०२५ साली १० ग्रॅम सोन्याचा भाव लाख रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा चर्चा झाली ती लग्नसराईची, सराफ बाजाराची आणि गुंतवणूकदारांची. सोने तोळ्यांनी न घेता पानांनी घेणारा एक लहानसा वर्ग या देशात आहे, याचे स्मरण फारसे कोणाला झाले नाही. तंजावर शैलीची चित्रे करणारे कारागीर या वर्गात मोडतात. धातू महागला की त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. किंमत वाढवून गिऱ्हाईक गमवावे, नाहीतर सोन्याऐवजी तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे पान लावून ते राखावे. दुसरी वाट सोपी आहे आणि बाजाराने ती केव्हाच मळवली आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. व्यंकोजी राजांनी स्थापिलेले तंजावरचे राज्य १८५५ पर्यंत टिकले आणि ही चित्रशैली बहरली ती याच भोसले दरबाराच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांच्या आश्रयाने. फणसाच्या फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप द्यायचा, देवतेचे दागिने, कमान, प्रभावळ यांना त्याच लेपाने उठाव आणायचा, खडे बसवायचे आणि मग त्या उठावावर २२ कॅरट सोन्याचा वर्ख हलक्या हाताने दाबून बसवायचा. रंग भरायचे ते त्यानंतर. देवघराच्या अंधारात समईची ज्योत हलली की हे सोने जागे होते. सपाट सोनेरी रंगाने ते साधत नाही. शिवाय अस्सल वर्ख पिढ्यान्‌पिढ्या काळवंडत नाही. मिश्रधातूचे पान ओलाव्याने काही वर्षांतच विटते. मखराला लावायच्या चकचकीत पत्र्याला मराठीत बेगड म्हणतात आणि खोटेपणाला बेगडी. भाषेने हा निवाडा फार पूर्वीच दिला आहे.

विपरीत असे की, आधुनिक कलेच्या जगात सोन्याच्या वर्खाला याच काळात मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाईन याने १९६० च्या सुमारास नुसत्या वर्खाचे फलक केले; १९६२ साली तर एका अदृश्य 'कलाकृती'च्या मोबदल्यात घेतलेले निम्मे सोने त्याने सीन नदीत फेकले. हा प्रकार अनेकांना विक्षिप्त वाटेल. तथापि वर्ख लावण्याचे काम क्लाईन लंडनमधील एका चौकटी बनविणाऱ्याच्या दुकानात स्वतः शिकला होता. पुढे हा संबंध सैल होत गेला. मिलानमध्ये २०१५ साली खुल्या झालेल्या प्रादा प्रतिष्ठानाच्या कलासंकुलातील एक जुनी इमारत बाहेरून २४ कॅरट वर्खाने मढविलेली आहे. तिचा विषय निघाला की वास्तुविशारद रेम कूलहास यांचे नाव निघते. भिंतीवर पान-पान बसविणाऱ्या हातांचे निघत नाही. सोन्याचा अर्थ सांगणाऱ्याला मान आणि सोने लावणाऱ्याला रोजंदारी, अशी ही वाटणी आहे.

जपानने या बाबतीत अधिक शहाणपण दाखविले आहे. त्या देशातील जवळजवळ सर्व वर्ख कानाझावा या एका शहरात तयार होतो. तेथील जुन्या पद्धतीत सोने हातकागदाच्या थप्पीत ठोकून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके पातळ करतात, आणि तो कागदही आधी पेंढ्याच्या राखेचे पाणी, पर्सिमॉन फळाचा रस व अंडे यांत मुरवावा लागतो. नव्या पद्धतीचा कागद तुलनेने स्वस्त व काम झटपट. तरीही जुनी विद्या मेली नाही, कारण देवळे व राजवाडे यांच्या डागडुजीशी ती जोडली गेली. लाकडी वास्तूंच्या जतनाच्या ज्या पारंपरिक कौशल्यांना युनेस्कोने २०२० साली आपल्या यादीत घेतले, त्यांत या वर्खाचा समावेश आहे. क्योटोच्या सुवर्णमंदिरावर १९५५ साली लावलेला पातळ वर्ख लवकरच झिजू लागला. १९८७ साली तेथे पाचपट जाड वर्ख चढविण्यात आला. कोणत्या जागी किती जाडीचे पान लागते हे जाणणारी माणसे शिल्लक होती, म्हणून ते जमले.

आपल्याकडे तंजावर चित्रांना २००७-०८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाते. पण समोरच्या चित्रात फळी फणसाची की प्लायवूडची, पान सोन्याचे की पितळेचे, हे गिऱ्हाइकाला दुकानात कोण सांगणार? बेताच्या मिळकतीच्या माणसाने स्वस्त चित्र घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. ते स्वस्त म्हणून विकले जावे, एवढेच. दागिन्यावर शुद्धतेची खूण बंधनकारक करणाऱ्या सरकारला चित्रामागे लाकूड, वर्खाचे कॅरट व कारागिराचे नाव लिहिण्याची सक्ती करणे अवघड नाही. देवस्थाने आणि वस्तुसंग्रहालये यांच्याकडील जुन्या सोनेरी कामाची दुरुस्तीही निविदांतील सर्वांत कमी आकड्याला न देता याच हातांना द्यावी. एखाद्या देवस्थानाने पुढच्या जीर्णोद्धारापासून तसे करून पाहावे.